पत्राखालची सही

रविवारचा पेपर रंगनाथने सकाळी साडेसहालाच तांदळाच्या डब्यात दडवला. बँकेत एकतीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या, साठीला टेकलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे त्यालाही कळत होतं. पण गेल्या अकरा दिवसांत न शोभणारं बरंच काही करून झालं होतं. टेलिफोनची वायर त्याने भिंतीतून काढून ठेवली होती आणि सुहासिनीला लाइन बिघडल्याचं सांगितलं होतं. दूध घेताना तो दाराच्या भोकातून दोनदा बघायचा, आणि बाहेर दूधवालाच आहे याची खात्री पटली तरी साखळी काढायचा नाही. पिशवी फटीतून ओढून घ्यायचा. परवा ती फुटली आणि कोथरूडच्या त्या जिन्यात पहिल्या मजल्यापर्यंत दूध गेलं.

भीती नुसती मनाची नव्हती. मंगळवारी कोणीतरी गाडीवर काळं ऑइल ओतलं होतं. बुधवारी फोनवर एका अतिशय सभ्य आवाजाने चौकशी केली होती, "बाईंचा रविवारचा प्रयोग आहे ना? नाही, आम्ही येणार आहोत. आठदहा जण. श्रद्धांजलीला." आणि मग अगदी नम्रपणे "बरं, ठेवतो" म्हणून फोन ठेवला होता. रंगनाथने वायर काढली ती त्यानंतर. त्या माणसाने चार शिव्या हासडल्या असत्या तर रंगनाथला रात्री झोप तरी लागली असती.

ज्या वाक्यापायी हे सगळं झालं, ते वाक्य याच पुण्याने सातआठ वर्षं डोक्यावर घेतलं होतं. मोबाइल आले आणि नाटकात वाजू लागले. बाकीचे नट चडफडत संवाद पुढे रेटायचे. सुहासिनी कुंजीर मात्र भूमिका तिथल्या तिथे सोडून द्यायची, रंगमंचाच्या कडेपर्यंत यायची आणि अंधारात बघत म्हणायची, "घ्या, घ्या. घरी कोणी गेलं असेल, तर आम्हीही दोन मिनिटं उभे राहतो." नाट्यगृह कोसळायचं. घरी जाताना लोक नाटकाची गोष्ट विसरायचे, हे वाक्य नाही. बाई म्हणजे बाई, असं म्हणायचे. बाई कोणाच्या बापाला भीत नाही.

दोन रविवारांपूर्वी हिंजवडीच्या एका कंपनीने आपल्या लोकांसाठी अख्खा प्रयोग घेतला होता. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलाचा फोन वाजला. सुहासिनी त्या दिवशी रंगात होती. नुसतं म्हणून ती थांबली नाही, खरंच मान खाली घालून उभी राहिली. तिचं बघून बाकीचे नटही उभे राहिले. तो मुलगा वाकून, लोकांचे गुडघे चुकवत रांगेतून बाहेर पडत होता आणि सगळं सभागृह हसत होतं. कोणीतरी ते मोबाइलवर टिपलं. दोन दिवस ती चाळीस सेकंदं 'बाईंनी जिरवली' या नावाने ऑफिसाऑफिसांत फिरली. तिसऱ्या दिवशी त्या मुलाच्या मित्राची ई-मेल तशीच सगळीकडे फिरली. मुलाचं नाव रविराज इंगळे. फोन हॉस्पिटलमधून बहिणीने केला होता. वडील गेले होते.

चाळीस सेकंदं तीच राहिली. बघणाऱ्यांना आता त्यात वेगळंच दिसू लागलं.

त्याच दिवशी सुहासिनी चपला घालून निघाली होती. "मी त्या मुलाच्या घरी जाऊन येते," ती म्हणाली, जणू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती. रंगनाथ दारात आडवा झाला. आज नको, लोक चिडलेत. उद्याही नको. दहावं होऊ दे. तेरावं होऊ दे. असं करत करत त्याने तिला अकरा दिवस घरात ठेवलं. तिकडे नाटकाचा निर्माता जयसिंग हात धुऊन मागे लागला होता, की रविवारच्या आत पेपरात माफी आली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई उभी करतो. सुहासिनीने त्याला एका वाक्यात वाटेला लावलं. "पेपरात मागतात ती पेपर वाचणाऱ्यांची माफी. मला त्यांची मागायची नाहीये."

शुक्रवारी दुपारी ती झोपलेली असताना रंगनाथने टेबलाशी बसून माफीचं पत्र लिहिलं, आणि खाली तिची सही केली.

सही करण्यात त्याला काही वाटलं नाही, कारण तेवीस वर्षं तो तेच करत आला होता. तिला पत्रं येऊ लागली तेव्हा तिला वेळ नव्हता आणि याला बँकेत जेवणाची सुट्टी होती. एका पोस्टकार्डाला उत्तर दिलं, मग दुसऱ्याला, मग सगळ्यांनाच. कोणाचा मुलगा नापास झालेला असायचा, कोणाची बायको गेलेली असायची, कोणाला नुसतंच नाटक आवडलेलं असायचं. रंगनाथ प्रत्येकाला मनापासून लिहायचा आणि खाली सुहासिनी कुंजीर अशी सही ठोकायचा. दोन सह्या शेजारी ठेवल्या तर बँकेने त्याची पास केली असती, आणि बँकेत सह्या पडताळायला तोच होता. बाई बोलायला फटकळ, पण प्रत्येक पत्राला उत्तर देते हो, आणि काय उत्तर देते, असं लोक म्हणायचे. ते ऐकून रंगनाथ विंगेत उभा राहून चोरून खूश व्हायचा. आता गेल्या आठवड्यापासून ती पत्रं परत येत होती. कोणी फाडून पाठवत होतं, कोणी चांगली घडी घालून. एकीने सोबत चिठ्ठी लिहिली होती: 'हे आता घरात ठेववत नाही.' रंगनाथने ती सगळी कपाटात, स्वेटरांखाली सरकवली होती. ती एक चिठ्ठी त्याला ऑइलपेक्षा जास्त लागली होती.

नऊ वाजता बेल वाजली. भोकातून बघितलं तर बापूरावांचा फेटा.

रंगनाथचे थोरले भाऊ लोणी काळभोरहून जीप काढून आले होते, आणि त्यांच्या काखेत तोच पेपर होता. तांदळाच्या डब्याचा काही उपयोग झाला नाही.

"लय बेस झालं बघ, रंगा," बसायच्या आधीच ते म्हणाले. "पंधरा दिस गावात तोंड काढायची सोय न्हवती. पाव्हणा बी इच्यारायचा, का हो, तुमची नटी उभी ऱ्हायली म्हनं. आज सकाळी सरपंचानं सवता मला पेपर दावला. म्हनला, बापूराव, बाई मोठ्या मनाची हाय."

"दादा, हळू."

"हळू कशापायी? माफी मागितली तर लपवायचं काय त्यात?"

बाथरूमचं दार वाजलं. केसांना टॉवेल गुंडाळून सुहासिनी बाहेर आली. मुलगा योगेश आणि सून अपेक्षा आवाज ऐकून आपल्या खोलीतून आले. सुहासिनीने वाकून नमस्कार केला. बापूरावांनी नेहमीप्रमाणे छताकडे बघून आशीर्वाद दिला. धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही, ही त्यांच्या घरातली रीत, आणि ती नटी झाली म्हणून त्यांनी ती सोडली नव्हती. तीस वर्षं ते तिच्याशी रंगनाथमार्फतच बोलत आले होते, समोर बसलेली असली तरी.

"रंगा, तिला सांग, लय चांगलं लिवलंय."

"काय चांगलं लिहिलंय मी?" सुहासिनीने विचारलं.

बापूरावांनी पेपर टीपॉयवर ठेवला. पान तीन, चौकटीत पत्र, खाली सही. सुहासिनीने चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला तिच्या आवाजात तो तिचा तिखट सूर होता, नवशिक्या लेखकाची संहिता वाचताना असायचा तसा.

"'ज्या वाक्यावर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्या, ते कोणाच्या तरी घरी खरं असू शकतं, हे मला सुचलं नाही. सुचायला हवं होतं.' वा. 'रविराज रांगेतून बाहेर पडत होता तेव्हा मला त्याचा चेहरा दिसला होता. दिसूनही मी काही केलं नाही. त्या एका क्षणात थांबवता आलं असतं.'" सूर उतरत गेला. "'मी तुमच्या दारात यायला हवं होतं. भीतीपोटी आले नाही.'"

तिने चष्मा काढला.

"भीतीपोटी," ती म्हणाली. "मी."

"आई, अगं तूच तर लिहिलंस ना?" योगेशने विचारलं. मग त्याने बापाकडे बघितलं. "बाबा? तुम्ही मला म्हणालात, आईने दिलंय, ऑफिसातून फॅक्स कर. एक कॉपी इंगळेंना कुरिअर कर."

"जयसिंग ऐकायला तयार नव्हता," रंगनाथ म्हणाला. "ते लोक आज येणार आहेत, सुहास. आठदहा जण. मी काय करायला हवं होतं? तुला त्यांच्यापुढे उभी करायला हवी होती?"

"मला विचारायला हवं होतं."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणूनच विचारायचं असतं."

योगेश सोफ्याच्या हातावर बसला. पंधरा दिवस ऑफिसात त्याच्या पाठीमागे ती चाळीस सेकंदं चालायची आणि तो मागे वळला की स्क्रीन बदलायचा. पहिले दोन दिवस तो आईच्या बाजूने सगळ्यांशी भांडला होता. नंतर त्याने आयकार्डावरचं आडनाव शर्टाच्या खिशात लपवायला सुरुवात केली होती. "आता झालं ते झालं," तो म्हणाला. "आय मीन, इट वर्क्ड. सकाळपासून माझ्या मोबाइलवर सगळे चांगलं म्हणतायत. लोक फिरले, आई. आता तू डिनाय केलंस ना, तर फक्त हे पत्र नाही, सगळी जुनी पत्रं उघडी पडतील. लोक म्हणतील, हिचं काहीच खरं नव्हतं. संपलंच मग."

"बरोबर बोलतोय पोरगा," बापूराव म्हणाले. "नवऱ्यानं लिवलं काय, बायकूनं लिवलं काय. घर एकच हाय."

"काका, एक नाहीये," अपेक्षा म्हणाली. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी सासूशी तिचं कामापुरतंच बोलणं होतं. सुहासिनीने तिच्या माहेरच्यांच्या बोलण्याची एकदा नक्कल केली होती, ती तिने मनात ठेवली होती. त्यामुळे तिचं बोलणं ऐकून सगळेच चमकले. "आईंच्या नावाने माफी मागितली आणि आईंनाच माहीत नाही. उद्या माझ्या नावाने कोणी मेल टाकली तर मी ऐकून घेईन का?"

सुहासिनीचं कोणाकडे लक्ष नव्हतं. ती पेपरातल्या एका ओळीवर बोट ठेवून उभी होती.

"हे चेहऱ्याचं काय आहे?" तिने विचारलं. "मला कोणाचाच चेहरा दिसत नाही. समोरचे दिवे डोळ्यांवर असतात. पस्तीस वर्षांत मी पहिली रांगसुद्धा बघितलेली नाही. कोणाला दिसला?"

रंगनाथ पेपरकडे बघत राहिला.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय."

"मला दिसला. विंगेतून."

"आणि तुम्ही काही केलं नाहीत."

"पडद्याचा दोर माझ्या हाताशी होता," रंगनाथ म्हणाला. हे तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि बोलताना त्याच्या लक्षात आलं, की अकरा दिवस आपण ऑइलला आणि फोनला भीत होतो असं नाही. "पाडता आला असता. तू रंगात होतीस. मला वाटलं, चिडशील."

सुहासिनी खुर्चीत बसली. तिचं काय होणार, कोणावर तुटून पडणार, म्हणून सगळे वाट बघत राहिले. तिने पेपराची घडी घालून मांडीवर ठेवली. त्याने रंगनाथ आणखी घाबरला.

"फोनची वायर कुठेय?" तिने शेवटी विचारलं. "लाइन बिघडलेली नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

अपेक्षाने वायर शोधून जोडली. दहा मिनिटांत फोन वाजला. रंगनाथ उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. सुहासिनीने रिसीव्हर उचलला, क्षणभर ऐकलं आणि अपेक्षाला खूण केली. अपेक्षाने स्पीकरचं बटण दाबलं.

"मी रविराजची माय बोलून राहिली," एका बाईचा थकलेला आवाज आला. "हिराबाई इंगळे. काल तुमचं पत्र भेटलं. त्याच्यावर नंबर होता, सकाळपासून लावून राहिली. पोरीनं वाचून दाखवलं. चार खेपा वाचाले लावलं मी तिले."

"बोला," सुहासिनी म्हणाली.

"तेरवी झाली. उद्या आमी गावाले चाललो. त्याच्या आधी, ज्यानं हे पत्र लिवलं, त्याच्यासंग मले बोलाचं आहे. पेपरवाले नको. तुमीच या. वाघोलीले आहो आमी."

"येते," सुहासिनी म्हणाली. "आजच येते."

पत्ता अपेक्षाने लिहून घेतला. फोन ठेवून सुहासिनी वळली. "अहो, शर्ट बदला."

"मी?"

"त्यांना पत्र लिहिणाऱ्याशी बोलायचंय. मी कुठे लिहिलंय?"

"आई, प्लीज!" योगेश उभा राहिला. "तू एकटी जा. जाऊन पाया पड, वाटेल ते कर. पण हे नको सांगूस. साडेपाचला शो आहे. लोक आज टाळ्या वाजवणार आहेत तुला. उद्या हे बाहेर आलं, तर परत तुला कोण स्टेजवर घेणार?"

"कोणी नाही घेणार," सुहासिनी म्हणाली. "मला माहीत आहे ते."

बापूराव उठले. त्यांनी फेटा सारखा केला, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत बघून बोलले. "सुहासिनी, ऐक माझं. मी हात जोडतो. तुझं नाव गेलं तर आमच्या घराकडं काय ऱ्हातंय? समदं तुझ्याच नावावर तर मिरवलं आमी."

सुहासिनीचा आवाज एकदम मऊ झाला. "दादा, इतक्या वर्षांनी बोललात, आणि मला ऐकता येत नाहीये. माफ करा."

रंगनाथला शर्टाची बटणं लागेनात. तो अपेक्षाला म्हणाला, बाळा, मला बरं वाटत नाहीये. तिने त्याची बटणं लावली आणि गाडीची किल्ली घेतली.

नगर रस्त्याला रविवारची गर्दी होती. टपावरचं ऑइल पुसलं तरी डाग राहिले होते आणि प्रत्येक सिग्नलला रंगनाथ मागच्या सीटवर खाली सरकत होता. सुहासिनी पुढे बसली होती, काच खाली करून. एका स्कूटरवरल्या बाईने तिला ओळखलं आणि हसून हात केला. आठवड्यापूर्वी त्याच बाईने काय केलं असतं, हे रंगनाथच्या मनात आलं. संध्याकाळनंतर काय करेल, हेही आलं.

वाघोलीत नव्या इमारतींच्या रांगा होत्या, अर्ध्यांना रंग नव्हता. अपेक्षा गाडीपाशी थांबली. तिसऱ्या मजल्यावर, दाराबाहेर चपलांचा ढीग होता. पुरुषी चपला, बूट. इतके लोक आत काय करतायत, हा विचार येताच रंगनाथचे पाय जिन्यातच थांबले. "सुहास," तो कुजबुजला, "अजून परत जाता येईल."

तिने बेल दाबली.

दार मुंडण केलेल्या एका मुलाने उघडलं. त्याने सुहासिनीला बघितलं आणि मागे मागे जात तो भिंतीला टेकला. आतली माणसं उठली. कोणीतरी "अरे, हे तर" म्हणालं आणि तिथेच थांबलं. त्यांच्यामधून हिराबाई पुढे आल्या, ठेंगण्या, कपाळ मोकळं असलेल्या.

सुहासिनीने हात जोडले. "हे माझे यजमान," ती म्हणाली. "पत्र यांनी लिहिलंय. सही माझी दिसते, तीही यांचीच. मी फक्त ते वाक्य बोलले होते. त्याची माफी मागायला मी माझी आलेय. तुम्ही द्यालच असं नाही."

आतली माणसं पुढे सरकली. रंगनाथने डोळे मिटून घेतले. आता हात पडणार, याबद्दल त्याच्या मनात शंका राहिली नव्हती.

"त्यात लिवलं होतं, पोराचा चेहरा दिसला म्हणून," हिराबाईंचा आवाज आला. "कोनाले दिसला?"

"मला," रंगनाथ म्हणाला.

"मंग तुमीच या आत." त्यांनी मागच्या माणसांना हातानेच बाजूला केलं. "तवापासून हा बोलत नाही. जेवत नाही. बापाले अग्नी देला तरी रडला नाही. काय झालं ते सांगत नाही. तुमी पाह्यलं त्याले, तुमीच सांगा मले. कसा दिसत होता?"

रंगनाथने चपला काढल्या. त्याने सुहासिनीकडे वळून बघितलं, पण ती बाजूला झाली होती. त्या घराने तिला आत बोलावलं नव्हतं आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

आत सतरंजीवर तो बसला. हात त्याने मांडीखाली दाबले. पत्रात त्याने जे लिहिलं होतं, त्याच्या पुढचं त्याला लिहिवलं नव्हतं.

"हसत होता," तो म्हणाला.

कोणीतरी दातओठ खाल्ले. रंगनाथ थांबला नाही. थांबलो तर पुन्हा बोलता येणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"सगळे हसत होते म्हणून तोही हसत होता. फोन कशाचा आहे हे त्याला माहीत नव्हतं. ओशाळून हसतो ना माणूस, तसा. मग दारापाशी त्याने फोन कानाला लावला. त्याला कळलं, ते मला दिसलं. पण तोंडावरचं हसू निघेना. तो ते पुसायला बघत होता, हाताने, असं. त्यात त्याचा काही दोष नव्हता, बाई. ते हसू आम्ही त्याच्या तोंडावर ठेवलं होतं."

भिंतीला टेकलेला रविराज हळूहळू खाली बसला. त्याने दोन्ही तळहात तोंडावर दाबले, आणि आधी नुसता श्वास अडकल्यासारखा आवाज आला. मग तो मोठमोठ्याने रडू लागला. हिराबाईंनी त्याचं डोकं छातीशी ओढून घेतलं आणि त्याही रडू लागल्या.

रंगनाथला उठून जावंसं वाटत होतं. हिराबाईंनी मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरून ठेवलं होतं, त्यामुळे तो बसून राहिला.